टेबलावर जनावर आहे

“कुणाच्या डोक्यातून आलं गं राणी हे, तुझ्या कानात गरम तेल ओतायचं?” मी अंगाईच्या चालीत विचारलं. “आपण त्यांच्याच कानात ओतूया का एकदा? ओतूया ना?”

टेबलावरच्या लॅब्रेडॉरनं शेपटी आपटली. तिला वाटलं, लाड चाललेत. तिच्या मालकिणीला मात्र बरोबर कळलं होतं. त्या भिंतीवरच्या तक्त्याकडे अगदी मन लावून बघायला लागल्या.

“नेटवर दिलं होतं, मॅडम,” त्या पुटपुटल्या.

“नेटवर होतं का, अरे वा वा,” कापसाचा बोळा फिरवत मी त्याच सुरात म्हटलं, “मग कानाचा पडदाही नेटवरूनच मागवूया. घरपोच येतो का बघूया, हो ना गं माझी बाय?”

मावशींनी लॅब्रेडॉरची मान काखेत धरली होती. त्यांना हसू आवरेना, पण धरलेली मान तसूभर हलली नाही. मावशी माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहेत. पदवी माझ्याकडे आहे, हात त्यांच्याकडे. त्यांनी एकदा धरलं की पन्नास किलोचं धूड असो नाहीतर ओंजळीएवढं पिलू, सुटत नाही आणि दुखतही नाही.

आमच्या दवाखान्याचा एकच नियम आहे. टेबलावर जनावर असताना आवाज चढवायचा नाही. मी नाही, मावशींनी नाही, मालकानं तर नाहीच. जनावराला शब्द कळत नाहीत, सूर कळतो. पहिल्या वर्षी मी एका माणसावर ओरडले होते. त्यानं कुत्र्याच्या पायाला तार बांधून ठेवली होती, पार हाडापर्यंत रुतलेली. मी त्या माणसाला वाट्टेल ते बोलले आणि टेबलावरचं कुत्रं थरथर कापत मुतलं. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. त्या दिवशी हा नेम धरला. माझे बाकीचे नेम कधी मागेपुढे झाले असतील, हा झाला नाही. लोक म्हणतात, बाई फार शांत आहेत. मी शांत बिंत काही नाही. एकवीस वर्षं मी रागावलेलीच आहे. फक्त गाऊन रागावते.

त्या सोमवारी रागावायला भरपूर माल होता. लॅब्रेडॉरच्या मागून एक गृहस्थ आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर विरळ केस, सोबत सात वर्षांचा तांबडा कुत्रा. कुत्रा ठणठणीत.

“याला झोपवून टाका,” ते म्हणाले.

“आजार काय?”

“आजार नाही तसा. नवीन घर घेतलंय, नवा सोफा आलाय. याचे केस फार गळतात हो.”

मावशींनी त्यांच्या डोक्याकडे एक नजर टाकली. “केस काय, साहेब, कुणाचेही गळतात,” त्या गोड आवाजात म्हणाल्या.

“ते इंजेक्शन दुखण्यासाठी असतं रे सोन्या,” मी तांबड्याच्या छातीवरून हात फिरवत त्यालाच सांगितलं, “सोफ्यासाठी नसतं. तुझ्या साहेबांना म्हणावं, हा जीव तुम्ही घातला नाही, तुम्ही काढायचा नाही. तू राहा इथं. त्यांना जाऊ दे त्यांच्या सोफ्यावर.”

गृहस्थ पट्टा तिथंच टाकून गेले. मागे वळून बघितलंही नाही. तांबडा मात्र दुपारपर्यंत दाराच्या काचेला नाक लावून उभा होता. काचेवर त्याच्या नाकाचा ओला ठसा उमटायचा, सुकायचा, पुन्हा उमटायचा. त्या ठशाकडे बघून माझ्या मनात जे जे शब्द आले, ते मी सकाळी हात जोडून बसते त्या तोंडानं उच्चारण्यासारखे नव्हते.

बाराच्या सुमाराला मावशींनी एकदम नाक वर केलं. बाहेरच्या बाकावर एक वयस्क जोडपं येऊन बसत होतं, बाईंच्या मांडीवर टॉवेलात काहीतरी गुंडाळलेलं.

“बाई, यांना मागच्या दारानं घ्या,” मावशी माझ्या कानाशी म्हणाल्या. “तो वास आहे.”

तो वास एकदा घेतलेला माणूस विसरत नाही. सडकं रक्त आणि त्यात काहीतरी गोडसर. पिलांच्या आतड्याचा तो आजार, पार्व्हो, आधी नाकाला कळतो, मग तपासणीला. अशा पिलाला पुढच्या खोलीत आणायचंच नाही. मागची वेगळी खोली, वेगळं टेबल, दाराशी औषधाच्या पाण्याची परात, आत-बाहेर करताना पावलं बुडवायची.

“काल सकाळपासून ओकतोय,” टॉवेल उलगडत त्या बाई म्हणाल्या. “आणि मागून नुसतं लाल पाणी. काल रविवार, तुमचा दवाखाना बंद. मी म्हटलं ह्यांना, दुसरीकडे नेऊ. तर हे म्हणे, नको, त्याच बाईंकडे नेऊ, सगळे त्यांचंच नाव सांगतात.”

पिलू अडीच महिन्यांचं, काळं-तपकिरी. डोळे खोल गेलेले. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली.

“नाव काय याचं?”

“फ्यूज,” काका म्हणाले. उंच, वाळके, खिशाला लोक पेन लावतात तिथं त्यांनी टेस्टर अडकवला होता. “मी वायरमन होतो, लाइनवर. रिटायर झालो. हा खेळता खेळता मध्येच धाडकन झोपतो, फ्यूज उडाल्यासारखा. म्हणून.”

“आणायच्या आधी कुत्रं नको, कुत्रं नको म्हणून घर डोक्यावर घेतलं होतं ह्यांनी,” काकू म्हणाल्या. “आता माझ्या आधी त्याला जेवण. मी हाक मारली तर ऐकू येत नाही, त्यानं कूं केलं की तीन खोल्या ओलांडून येतात.”

“तू कूं करत नाहीस, तू ओरडतेस,” काका म्हणाले. आवाज थोडा वर गेला.

“हळू, काका,” मी सांगितलं. “टेबलावर जनावर आहे. त्याला वाटतं, आपल्यालाच बोलताहेत.”

“असं का?” ते चपापले. मग वाकून अगदी पिलाच्या कानाशी म्हणाले, “तुला नाही रे. तुझ्या आईला.” तेव्हापासून त्या खोलीत त्यांनी आवाज चढवला तो एकदाच.

तपासणीच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या. मला जे ठाऊक होतं तेच. मला संताप आला. हा आजार लसीनं टळतो. सरळ टळतो. अडीच महिन्यांच्या पिलाला हा झाला म्हणजे कुणीतरी लस दिली नाही आणि तरी विकलं. मला त्या माणसाचं नाव हवं होतं.

“लस कुणी दिली?”

काकांनी प्लॅस्टिकच्या पाकिटातून कार्ड काढलं. कोपरेसुद्धा दुमडलेले नव्हते. “दोन्ही झाल्यात, बाई. हे बघा. तुम्हीच तर दिल्यात.”

सही माझीच होती. शिक्काही माझाच. आणि सहीच्या वर चिकटवलेला तुकडा चुकीचा होता.

लसीच्या बाटलीवरच्या चिकटपट्टीचे दोन तुकडे निघतात. मोठा कार्डावर लावायचा, छोटा ज्यानं लस दिली त्याच्या वहीत. एका बाटलीचा एक डोस, एक पिलू, एक मोठा तुकडा. फ्यूजच्या कार्डावर दोन्ही ठिकाणी छोटा तुकडा होता. म्हणजे त्याच बाटलीचा मोठा तुकडा दुसऱ्याच एखाद्या पिलाच्या कार्डावर होता.

“आम्हाला कुत्र्यातलं काय कळतंय हो,” काकू सांगत होत्या. “ह्यांनी सही बघितली. म्हणाले, ह्या बाईंचं नाव चांगलं आहे, घेऊन टाकू.”

मला त्याच क्षणी बोलता आलं असतं. मी म्हटलं, “आधी सलाईन लावूया.”

मावशींनी काडीएवढा पाय दोन बोटांत धरला. शीर सापडायला तीन वेळा टोचावं लागलं. पिलू ओरडलंही नाही.

फ्यूज ज्यांच्याकडून घेतला होता, त्यांना सगळे पिल्लूमामा म्हणतात. गावाबाहेर त्यांचं केनेल आहे, कुत्र्यांची पैदास करून पिलं विकतात. सहा वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा टोपलीत सहा पिलं घेऊन माझ्या दारात आले, तेव्हा मीच त्यांना पायरीवरून परत पाठवलं होतं. इथं आजारी कुत्री येतात, लस न झालेली पिलं इथं आणायची नाहीत, मीच तुमच्याकडे येईन. पहिलं वर्षभर गेलेही. अंघोळ करून, बूट बदलून, एकेका पिलाला स्वतः टोचून. मग काम वाढलं. मामा म्हणाले, “बाई, तुम्ही कशाला तंगडतोड करता? बाटल्या बर्फाच्या डब्यात द्या, मी टोचतो. माझा हात बसलाय.” हात खरंच बसला होता. मी बाटल्या द्यायला लागले. मग कार्डं द्यायला लागले. मग दर वेळी सहीसाठी फेरी नको म्हणून रविवारी संध्याकाळी दहा-दहा कोरी कार्डं समोर घेऊन बसायचे. शाई वाळायच्या आत पुढचं. देवापुढं बसून उठले की त्याच बैठकीत सह्या उरकायचे, हात स्वच्छ असतात म्हणून.

तेल ओतणाऱ्या बाईला मी टोमणे मारले होते. सोफेवाल्याला मनात शिव्या घातल्या होत्या. आणि दोघांपैकी कुणी खोटी सही केली नव्हती.

मंगळवारी सकाळी मामांना फोन करून बोलावलं. ते हसतमुखानं आले, काखेत कागदाचं पाकीट.

“बरं झालं बोलावलंत, बाई. नवी वीण झालीय. ही दहा कार्डं तेवढी…”

“त्या परातीत पाय ठेवा आणि तिथंच उभे राहा,” मी म्हटलं.

ते चांगल्या चामडी बुटांनी औषधाच्या पाण्यात उभे राहिले. टेबलावर फ्यूज पडला होता. सलाईन थेंबथेंब जात होतं.

“ओळखलंत का याला?”

“अरेरे. आमचाच की. जिवाला लावून वाढवतो हो आम्ही एकेक…”

“याच्या कार्डावर छोटा तुकडा आहे. मोठा कुणाच्या कार्डावर लावला?”

“आरोप करताय काय?” मामा कडाडले.

“हळू,” मावशी म्हणाल्या. “टेबलावर जनावर आहे.”

मामांनी आवाज खाली आणला. त्या खोलीत सगळ्यांचाच येतो. “बाई, तुम्हीच बघा ना. पिलू केवढं, बाटली केवढी. मोठ्या कुत्र्याला एक अख्खी देता, मग याला अख्खी कशाला? अर्धी-अर्धी दिली. सोसली पाहिजे ना त्याला.”

“लस वजनावर नसते रे माझ्या राजा,” मी फ्यूजच्या कपाळावर बोट फिरवत गायला लागले. गाताना मी सगळ्यांनाच अरेतुरे करते. “दीड किलोला तेवढीच, पन्नास किलोला तेवढीच. निम्मी दिली म्हणजे दिलीच नाही. आणि वाचलेल्या बाटल्या कुठं गेल्या रे? सांग की.”

“दुसऱ्या एका केनेलवाल्याची अडचण होती…”

“आणि किती पिलं मेली?”

“पिलं म्हटली की थोडीफार जायचीच, बाई. त्याचं एवढं काय.”

थोडीफार. त्याचं एवढं काय. मी बोलणार, तेवढ्यात मामा म्हणाले, आणि आता तेही अगदी मऊ आवाजात, मी शिकवलेल्या सुरात: “हे वजनाचं तुम्ही मला सांगितलंत कधी? मी शिकलोय का डॉक्टरकी? शेवटचं केनेलवर कधी पाऊल टाकलंत, आठवतं का? सही कुणाची आहे त्याच्यावर? उद्या विचारलं तर कुणाला विचारतील, मला की तुम्हाला?”

ते इतक्या गोडीनं बोलले, की फ्यूजनं शेपटीचं टोक हलवलं.

मामांनी पाकीट काखेत मारलं आणि वळले. मावशींनी त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, कुत्र्याचं धरतात तसंच, अंगठा वर, बोटं खाली.

“सोडा, मावशी.”

“आधी पाकीट खाली. मग त्या फोनमधले नंबर. या वर्षी कुणाकुणाला पिलं दिली ते सगळे.”

“बाई, हिला सांगा सोडायला!”

“बाई, चावतोय का हा?” मावशींनी विचारलं. “तोंडाला पट्टी बांधू?”

मामांनी पाच मिनिटं ओढून बघितलं. मग परातीत उभ्या उभ्या एकेक नंबर वाचून दाखवला. पिवळ्या पाण्यात त्यांच्या बुटांचा रंग उतरत होता.

फ्यूजचं सोडून चौतीस घरं निघाली. दुपारभर फोन लावले. सात घरांत पिलू आता नव्हतं. एक शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, “चार दिवसांत गेलं हो. आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं असेल. म्हणून कुणाला बोललो नाही.” त्या तारवाल्या कुत्र्यासारखंच, चूक नसलेल्यांनीच ती अंगावर घेतली होती.

उरलेल्या सत्तावीस जणांना मी सांगितलं, लस नीट लागलेली नाही, मी घरी येऊन पुन्हा देते. का लागली नाही, ते सांगितलं नाही. कुणी विचारलं तर “काहीतरी गडबड झाली” म्हणायचे. बुधवारी पहाटेपासून अंघोळ करून, कपडे बदलून, घरोघर जाऊन स्वतःच्या हातानं टोचत होते आणि टोचल्यावर सही करत होते. एकवीस वर्षं डॉक्टरकी केलेली मी, पहिल्या दिवशी आल्यासारखी.

“पुरे की आता,” मावशी म्हणाल्या. “पिलांना लस मिळाली. त्या काका-काकूंना आणखी काही सांगू बिंगू नका. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा नसतो. दवाखाना बंद पडला तर ही बाकीची कुत्री कुठं जायची?”

हे म्हणणं मला इतकं पटलं, की त्या पटण्याचीच भीती वाटली.

बुधवारी दुपारी फ्यूजनं डोकं उचललं. ओकारी थांबली होती. काकूंनी बोटावर लावलेलं साखरेचं पाणी त्यानं चाटलं आणि काकू लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवणार होत्या; काकांनी त्यांचे हात मधेच धरले.

“टेबलावर जनावर आहे,” ते कुजबुजले.

मग त्यांनी वर पाहिलं. पिलाच्या उबेसाठी टेबलावर लावलेला दिवा मधूनमधून फडफडत होता. “हा होल्डर गेलाय. थांबा.” त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला, मुख्य बटण बंद केलं, तरी टेस्टर लावून बघितला, मग हात घातला. दहा मिनिटांत दिवा स्थिर झाला. पिवळा उजेड फ्यूजच्या अंगावर पसरला आणि तो त्यात धाडकन झोपला.

“बटण बंद केलं होतंत की,” मी सहज म्हटलं. “मग टेस्टर कशाला?”

“बटण बंद करणं वेगळं आणि लाइन बंद असणं वेगळं.” काका हात पुसत होते. “आमच्या कामात असं असतं बघा. एक जण खाली, एक जण वर. लाइन मेली आहे, चढायला हरकत नाही, अशी खालच्यानं कागदावर सही करायची. त्या सहीवर वरचा खांबावर चढतो. तो बघत नाही, तपासत नाही. सही बघतो आणि चढतो. तेहतीस वर्षं मी ती सही केली. साहेब वैतागायचे, करून टाक रे, उशीर होतोय. पण तार हातात धरून बघितल्याशिवाय कधी केली नाही.” त्यांनी टेस्टर खिशाला लावला. “मोठं काही केलं नाही आयुष्यात. पण माझ्या सहीवर कुणी पडलं नाही.”

काकू म्हणाल्या, “झालं ह्यांचं लाइनपुराण सुरू.” मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी सलाईनची बाटली बदलायला वळले. ती अजून निम्मी भरलेली होती.

उद्या सांगू, असं ठरवलं. पिलू सुधारतंय. सुधारलं की सांगू, मग तेही रागावतील कमी.

गुरुवारी सकाळी रोजच्यासारखी दहा मिनिटं देवापुढं डोळे मिटून बसले. पुढं शब्द येईनात. वाट दाखव, असं म्हणणार होते, पण वाट मला दिसत होती. दिसत असलेली वाट दाखव म्हणून मागणं ही त्याच्यापुढं आणखी एक कोरी सही झाली असती.

या आजारात असा एक दिवस येतो. पिलू डोकं उचलतं, चाटतं, घरचे आनंदतात, आणि दुसऱ्या दिवशी आतडं हार मानतं. दुपारी अडीचला फ्यूजचं अंग गार पडायला लागलं. मी शिरेत जे जे देता येईल ते दिलं. काकू त्याच्या कानाशी गाणं म्हणत होत्या, कुठलं ते कळत नव्हतं. तीनच्या आसपास छाती हलायची थांबली. मी कानाला नळी लावून पुरी दोन मिनिटं ऐकत राहिले. मग काढली.

मावशींनी टॉवेल पांघरला. काकांनी खिशातून रुमाल काढला, वापरला नाही, परत ठेवला. म्हणाले, “तुम्ही फार केलंत, बाई. त्याच्या नशिबात…”

“नशिबात नव्हतं,” मी म्हणाले. “कार्डावर होतं.”

आणि सांगितलं. कोरी कार्डं, रविवारची संध्याकाळ, छोटा तुकडा, निम्मी बाटली, चौतीस घरं, त्यातली सात. सोमवारीच कळलं होतं, हेही. मामांचं नाव घेतलं, पण शेवटी. आधी माझं.

“काय?”

काकांचा आवाज स्टीलच्या ट्रेमध्ये घुमला. पुढच्या खोलीत तांबडा भुंकला. त्यांचा हात वर गेला होता. मग त्यांची नजर टेबलावर गेली. टॉवेलाबाहेर फ्यूजचा एक पाय राहिला होता, आणि मावशींनी तो अजून दोन बोटांत धरलेला होता, सुई हलू नये म्हणून धरतात तसा.

काकांनी ओठ मिटले. हात खाली आला. पुन्हा बोलले तेव्हा आवाज इतका हळू होता, की मला पुढे वाकावं लागलं.

“तुम्ही बघितलं नव्हतं.”

“नाही.”

“एकदाही.”

“नाही.”

“आणि मी काल तुमचा दिवा बसवत होतो.”

“ओरडा ना हो!” काकू स्फुंदत म्हणाल्या. “बोला ना यांना काहीतरी! गप्प काय उभे राहता?”

“बोलतोय,” काका म्हणाले. त्याच सुरात, जणू पिलाला झोपवताहेत. “आम्ही सही बघितली आणि चढलो, बाई. तपासलं नाही. सही असल्यावर तपासायचं नसतं.”

एकवीस वर्षं मी हा सूर लोकांना लावत आले. तो लागतो कसा, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनी आरडाओरडा केला असता, ट्रे फेकला असता, तर मला उभं राहायला काहीतरी आधार झाला असता.

“लिहून द्या हे,” ते म्हणाले. “तुमच्या कागदावर. मी वर पाठवणार आहे.”

“पाठवा.”

मी लिहायला बसले. दीड पान झालं. सही करायला पेन टेकवलं, तेवढ्यात काका म्हणाले, “आधी वाचा. वाचून मग करा.”

मी पहिल्या ओळीपासून वाचलं, मोठ्यानं. एका ठिकाणी “गडबड झाली” असं लिहिलं गेलं होतं. ते खोडून “मी न बघता सही केली” असं लिहिलं. मग सही केली. काकांनी चष्मा लावून पुन्हा सगळं वाचलं, घडी घातली आणि कार्डाच्या प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली. कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं.

मावशींनी तेव्हा कुठं तो पाय सोडला. काकूंनी फ्यूजला टॉवेलासकट उचललं, मान हातावर नीट टेकवून, झोपलेलं उचलतात तसं, आणि पावलं परातीत बुडवून बाहेर गेल्या.

काका त्यांच्या मागे निघाले, दारापर्यंत गेले आणि परत आले. टेबलावरचा दिवा तसाच जळत होता. त्यांनी बटण बंद केलं. उजेड गेला. तरी त्यांनी खिशातून टेस्टर काढला, वाकून लावून बघितला आणि मगच पिन ओढली.